ओसरीवरची माती

ये, अशी जवळ ये सुनंदा. लांब बसून नुसतं हूं-हूं करू नकोस. तू समोर नाहीस हे मला कळतंय, पण तुला समोर बसवल्याबिगर माझं लिहिणं पुढं सरकत नाही. शाळेचं तोंड मी बघितलं नाही. अक्षरं आमच्या लेकाच्या, दत्ताच्या पाटीवरून उचलली. तो गिरवायचा आणि मी भाकरी थापता थापता बघायचे. म्हणून मी बोलते तसंच लिहिते. तू आता शाळेतली मोठी बाई झालीस, तरी माझ्या काना-मात्रा तपासत बसू नकोस. आधी मला तुला रागवायचंय. तुझी आई गेली तेव्हापासून तू गावात पाय ठेवला नाहीस. देवगाव फाट्यावरून तुझी गाडी जाते म्हणे, दत्तानं बघितली. काच वर, मान सरळ. असं असतं का गं? तुमच्या दाराचं कुलूप पार गंजलं. राग असेल तर इथं येऊन कर. लांबून केलेला राग मी कुठं ठेवू, मला जागाच सापडत नाही.

हे आज का काढलं म्हणशील, तर परवा आमच्या घरात भांडी वाजली. गणपती नुकतेच गेलेले, सकाळची वेळ, सून चहा गाळायली होती. मांडणीवरच्या ताटल्या थंडीत दात वाजावेत तशा कडकडल्या आणि गप झाल्या. सून म्हणाली, "उंदीर असंल." तोवर मी अंगणात. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. ह्या गुडघ्यांना अजून पळता येतं हे मलाच नवं होतं. मागून गल्लीत सगळ्यांचे फोन वाजायला लागले, ह्याच्याकडं हाललं, त्याच्याकडं हाललं. पोरं हसत होती. मी मात्र चिंचेखाली उभी राहून ओसरीच्या छताकडं बघत होते. भांडी वाजली की माझी नजर तिथंच जाते.

मग तालुक्याहून माणसं आली. शाळेत बायका जमवल्या. एक पोरगी होती, तुझ्या लेकीएवढी, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. घरात बॅटरी ठेवा, शिट्टी ठेवा, औषधं एका डब्यात ठेवा, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारामागं टांगा. सगळं पटण्यासारखं. मग तिनं एकेकीला उठवून विचारलं, "संकट आलं तर सगळ्यात आधी कुणाचं दार वाजवाल?" कुणी दिराचं म्हणाली, कुणी सरपंचाचं. एकजण म्हणाली, "दार कशाला वाजवू, मोबाईल लावीन की." माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "कौसाबाईचं."

बायका हसल्या. सून कानाशी लागली, "आई, त्या वारल्या न्हवं का."

मला काय ठाऊक नाही? तुझ्या आईच्या मातीला मी गेले होते. पण खरं सांगू का, त्या पोरीनं प्रश्न उलटा करायला पाहिजे होता. संकटात तुमचं दार कोण वाजवील, आणि तुम्ही त्याला कुठं बसवाल? मग बघितलं असतं कोण किती हसतंय.

किल्लारीचा भूकंप झाला त्या सालचे हे दिवस. तू तेव्हा परभणीला, डी.एड.ला, खोली करून राहत होतीस. तुझी आई डबा बांधायची आणि तुझा बाप फाट्यावर जाऊन तो एसटीत ठेवायचा. शहरात काय झालं ते तुला आठवत असेल. गावात काय झालं ते तुझ्या आईनं तुला सांगितलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तिला विचारलं होतं मी. म्हणाली, "काय सांगायचं त्यात? पाणी आलं, पाणी गेलं."

आमची वरची आळी सगळी माळवदाची. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर पांढरी माती, चांगली हातभर. दरसाल मृगाच्या आधी आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना, वर नव्या मातीचा थर द्यायला लावायच्या. जुना थर काढायचा नाही, त्याच्यावरच नवा. ज्याच्या घरावर माती जाड तो घराण्याचा मोठा, अशी समजूत. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. पावसाळ्यात वर गवत उगवायचं आणि कुणाची तरी शेळी आमच्या डोक्यावर चरायची. त्या मातीचं ओझं असतं हे आम्हाला कधी सुचलंच नाही.

आणि मग रेडिओवर ऐकलं. तिकडं खाली माणसं मेली ती अशाच घरांत, दगडाच्या भिंती आणि डोक्यावर माती. पहाटेची वेळ, गाढ झोपेत. आमच्याकडं नुसतं हाललं होतं, उतरंड ढासळली, एक रांजण तडकला. पण त्या दिवसापासून आत्याबाईंसारखी बाई, सहाणेवर चंदन उगाळतानाही वर बघायला लागली. जन्मभर ज्याची मिजास केली ते छत एका सकाळीत वैरी झालं.

तुझी आई दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात. "आज पयल्यांदा माझं घर तुमच्यापरीस भारी, वैनी. पडलं तर पत्रा पडंल. फार तर टेंगूळ यील."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "कौसा, लय बोलायलीस."

"बोलू द्या की, आत्याबाई. असा दिस रोज येतोय का?"

घरोघर उपड्या हंड्यावर पितळेचा पेला ठेवायची रीत त्याच दिवसांत पडली. जमीन हालली की पेला पडेल, आवाज होईल, माणसं बाहेर पळतील. कुणी शोधून काढलं देव जाणे. एका दुपारी आमच्या मांजरीनं पेला पाडला. आळीच्या आळी रस्त्यावर. आत्याबाईंनी पळताना काय घेतलं होतं माहीत आहे? तुपाची बरणी. नातू घरातच, बरणी बाहेर! तुझी आई रस्त्यात खाली बसून हसली, डोळ्यांना पदर लावून. "मांजरीनं भूकंप केला गं बाई, तूप तेवढं वाचलं." आत्याबाईसुद्धा हसल्या. तसं हसू पुन्हा त्या दोघींचं एका जागी मी ऐकलं नाही.

झोपायला सगळे शाळेच्या मैदानावर. पहिल्या दिवशी कोण कुणाशेजारी ह्याची शुद्ध कुणाला होती? आमची गोधडी आणि तुमची वाकळ, मधे हातभर अंतर. तुझी आजी आणि आत्याबाई एकाच चंचीतलं पान खाताना मी ह्या डोळ्यांनी बघितलं. मग दिवस गेले, जमीन हालायची थांबली आणि अंथरुणं सरकायला लागली. कुणी कुणाला काही बोललं नाही हं. कुणी म्हणालं इकडं ओल आहे, कुणी म्हणालं तिकडं वारं बरं लागतं. भीती जशी उतरली तशी गोधड्यांनी आपली आपली जागा धरली. आमच्या देवळाच्या अंगाला, तुमच्या बाभळीकडं. मीही आमची गोधडी उचलली होती. वारं बरं लागतं म्हणून.

गाठोडं कसं बांधायचं हे मात्र आम्ही वरच्या आळीच्या बायका तुझ्या आईकडूनच शिकलो. एक लुगडं, आगपेटी, मीठ, चिमूटभर हळद, मुलांचे दाखले, रेशनकार्ड आणि कोरडी भाकरी, तीही कुटून, म्हणजे बुरसत नाही. तिच्या दारामागं खुंटीला ते तयारच होतं. मी म्हणाले, "कौसाबाई, तू तर आमच्या आधीच इंतजाम करून ठेवलास. तुला काय भूकंपाचा सांगावा आला होता?" ती गाठ मारता मारता म्हणाली, "हे अठ्ठ्यात्तर सालचं हाय, वैनी. तवापासनं सोडलंच न्हाई."

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत काय पेटलं होतं ते तुला सांगायला नको. आमच्या गावात आग लागली नाही, असं आम्ही अजून छाती काढून सांगतो. पण तुझी आई तेव्हा कितीतरी दिवस अंगावरच्या कपड्यानिशी झोपायची. शेजारच्या गावात धूर दिसला त्या सकाळी तिनं हे गाठोडं बांधलं. आमच्यावर संकट आलं ते जमिनीखालून. तिनं ज्या संकटाची तयारी केली होती ते आमच्या आळीतून उतरून येणार होतं. गाठोडं तेच. ती कुणाच्या भीतीनं बांधायला शिकली, आणि मी तिच्याच पुढं बसून ती गाठ शिकत होते.

मग ठरलं, माळवदं उतरवायची. गडी मिळेना, ज्याला त्याला आपलं घर. तेव्हा सावड केली. सावड म्हणजे तुला माहीत आहे, आज सगळ्यांनी माझ्याकडं राबायचं, उद्या मी तुझ्याकडं. शेतात निंदणीला करतो तशी घरांना केली. तुझे आई-बाप आमच्याकडं आले. त्यांना कुणी बोलावलं होतं म्हणतेस? मीच. म्हणाले, "कौसाबाई, ह्या सावडीत तू ये, तुझी पाळी आली की मी येईन." ती म्हणाली, "माझ्या घरावर कुठली आलीय माती?" पण आली. किसनराव, तुझे वडील, वर चढून खोऱ्यानं ओढायचे, मी घमेली भरायचे आणि तुझी आई डोक्यावर घेऊन शिडीवरून उतरायची. तिच्या केसांत, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर ती पांढरी धूळ. "आता मी तुमच्या घराण्याची दिसायलेय का न्हाई?" म्हणायची. आधी देवघर, मग माजघर, मग स्वयंपाकघर मोकळं केलं. वर ताडपत्री ताणली. ओसरी तेवढी राहिली.

पहिलं घमेलं घेऊन ती अंगणात उभी राहिली होती. "वैनी, ही माती कुठं टाकायची?"

आणि मी मागं हात केला. "टाक की तिकडं ओघळीत. जवळ पडंल."

ओघळ म्हणजे आमच्या परसामागची ती घळ गं, वरच्या आळीचं सगळं पावसाचं पाणी तुमच्या वस्तीला वळसा घालून नदीला नेणारी. मी एकटीनंच नाही, सगळ्या आळीनं आपलं माळवद तिथंच उतरवलं. सोयीचं होतं. आम्हाला सगळ्यांना एकच भीती होती, जमीन हालायची. पाणी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तुझ्या आईच्याही नव्हतं, ती माती टाकून यायची आणि म्हणायची, "आता ही घळ बुजली की पोरांना खेळायला मैदान झालं." हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं, की तिलाही सुचलं नव्हतं. त्यानं काही हलकं होत नाही. विचारलं तिनं होतं, आणि हात मी केला होता.

परतीचा पाऊस दुपारून आला. आला तो असा, की मैदानावरची पालं पहिल्या झटक्यात आडवी झाली. बाहेर झोपणारी माणसं भिजत घराकडं पळाली. आम्ही मोकळ्या केलेल्या माजघरात ताडपत्रीखाली बसलो. वरून थेंब थेंब गळत होतं, पण माती डोक्यावर नाही म्हणून जीव निवांत. आत्याबाई जप करायल्या होत्या. मला आठवतं, मला तेव्हा बरं वाटत होतं. वेळेवर उतरवलं माळवद, शहाण्यासारखं वागलो, असं मनात आलं होतं. त्याच घटकेला ओघळीत जायचं पाणी बुजलेल्या मातीवरून उलटं फिरून तुमच्या दारांत शिरत होतं.

अजून उजेड होता. दार वाजलं.

"कोण हाय?" आत्याबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"मी, कौसा. घरात पाणी शिरलंय. आमची म्हातारी संगं हाय."

मी दार उघडलं. तुझी आई कमरेपर्यंत चिखलात भिजलेली, किसनरावांच्या पाठीवर तुझी आजी, आणि मागं दाव्याला शेळी. गाठोडं तुझ्या आईच्या डोक्यावर होतं, कोरडं. तेवढं एकच कोरडं होतं.

मी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईंनी माळ थांबवली नाही. "बसा की ओसरीवर," त्या म्हणाल्या, "घर तुमचंच हाय."

सुनंदा, ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. घर तुमचंच हाय. किती चांगलं वाक्य आहे, आणि कुठं म्हटलं गेलं.

तुझी आई ओसरीवर चढली. आजीला भिंतीला टेकवून बसवलं. मग तिनं मान वर केली. घराच्या कुठल्या भागावर किती माती राहिली आहे हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? तिनंच तर उतरवली होती.

"ह्याच्यावरची तेवढी ऱ्हायलीया न्हवं, वैनी?"

त्यात टोमणा नव्हता. राग नव्हता. जेवायला बसताना मीठ विचारावं तसं तिनं विचारलं. आणि पाऊस पिऊन ती माती आता दुप्पट जड झाली होती, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी म्हणाले, "उद्या काढू."

एवढं बोलून मी आत आले आणि दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. कडी लावली नाही, ह्याच्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

माजघरात जागा होती. तुझी आजी माझ्या अंथरुणावर मावली असती. मी एक शब्द बोलले असते, "आत्याबाई, म्हातारीला तरी आत घेऊ," तर त्या काय मला घराबाहेर काढणार होत्या? चार दिवस अबोला धरला असता. त्या चार दिवसांच्या अबोल्याला मी भ्याले. मी चहा केला, तो दिला. भाकरी दिल्या. कांबळं दिलं. एकेक वस्तू दाराच्या फटीतून बाहेर गेली, पण दार आहे तेवढंच उघडं राहिलं. बाहेरून किसनराव म्हणताना ऐकू आलं, "शेळी गप हाय तवर फिकीर न्हाई. तिला आधी कळतंय." त्यानंतर शेळी जेव्हा जेव्हा ओरडली, तेव्हा तेव्हा मी आत उठून बसले.

पडलं काही नाही. पडलं असतं तर निदान चारचौघांना दिसलं असतं, कुणीतरी मला बोललं असतं. सकाळी मी दार उघडलं तर ओसरी रिकामी. कांबळं घडी घालून, कपबशा विसळून पालथ्या. आणि ओसरी झाडलेली होती गं. शेळीची एक लेंडी दिसत नव्हती. आपलं घर चिखलात सोडून आलेली बाई जाताना माझी ओसरी झाडून गेली.

पुढचं काय सांगू? तुमच्या वस्तीतली माणसं सकाळपासून ओघळ उकरायला लागली, आमचीच माती. आमचे मालक घमेलं घेऊन निघाले होते, तसं मी त्यांच्यासाठी सांगते. आत्याबाई म्हणाल्या, "पावसाची भुरभुर हाय, सर्दी हुईल, जेवून जा." ते जेवायला बसले. त्यांचं जेवण होईतो पाण्याला वाट झाली होती. वरच्या आळीतले सगळेच त्या दिवशी फार सावकाश जेवले.

तुमची कणगी बुडापासून भिजली. वर्षाची ज्वारी. तुझ्या आईनं ती अंगणात पसरली, पण ऊनच पडेना. आठवड्याच्या आत तिला मोड आले. मी पायलीभर ज्वारी नेऊन दिली, नवी, टपोरी. तिनं घेतली. मोठं काम केल्यागत मी घरी आले. आमचं पेव भरलेलं होतं, सुनंदा. मागितली असती तर आणखी दिली असती, असं मी म्हणत आले. पण तिनं मागावं, ह्याची वाट मी का बघत होते?

तुला आठवत असेल, त्या दिवाळीच्या आधी तुझ्या डब्यात भाकरी यायची ती चिकट, गोडसर, थापताना मोडलेली. मोडाच्या ज्वारीचं पीठ बांधून येत नाही. तू बसस्टँडवर डबा घेऊन कुणाला तरी म्हणाली होतीस म्हणे, "आईला आता भाकरी जमंना." आणि मग डबाच बंद झाला आणि तुला निरोप आला, बापाची कंबर धरली, घरी ये. कंबर धरली होती, खोटं नाही. ओघळ उकरून धरली होती. पण तुला बोलावलं ते कंबरेपायी नाही. घरात तुला पाठवायला दाणा नव्हता. ते वर्ष तू आमच्या शेतात कापूस वेचलास. माझ्या शेजारच्या ओळीत. मला म्हणायचीस, "काकू, पुढच्या साली जाते की मी, कॉलेज कुठं पळून चाललंय?" मी "हो गं" म्हणायचे आणि पुढच्या बोंडाला हात घालायचे. तू गेलीस, शिकलीस, शिक्षिका झालीस, ती तुझी हिंमत. पण ते एक वर्ष कुठं गेलं ते मला माहीत होतं. ते आमच्या परसामागं पडलं होतं.

त्याच संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. वरची आळी दारं ओढून बसली होती. तुमच्या वस्तीत भिंतींवर अजून पाण्याची रेघ होती, आणि त्या रेघेच्या वर तुझ्या आईनं पणत्या लावल्या होत्या. मी तिळगूळ घेऊन उतरले. भीत भीतच. तिनं मला बघितलं आणि पोरींना हाक मारली, "सरका गं, वैनीला बसू द्या." आत बसवलं मला. आत, तुझ्या आजीच्या शेजारी. लाडू हातावर ठेवला. मी म्हणाले, "तिळगूळ घे, गोड बोल." ती म्हणाली, "गोड बोलायला मला येतंय, वैनी. माती टाकायच्या आधी तुमाला मागं वळून बघायला कवा यील?"

पोरी हसल्या. ती पण हसली. मी लाडू घेतला. तिथंच बसून तो सगळा खाल्ला.

सावडीची माझी पाळी राहिली होती. मी दरसाल विचारायचे, "कौसाबाई, कवा येऊ राबायला? तुझा दिवस माझ्यावर हाय." तिचं उत्तर ठरलेलं: "ऱ्हाऊ द्या अंगावर. जड न्हाई ना होत?" कधी थट्टेत म्हणायची, कधी हातातलं काम चालू ठेवून. पत्र्याचं घर तिनं पक्कं केलं तेव्हा मला कळू दिलं नाही. विटा वाहायला सगळी वस्ती होती, मला निरोप नव्हता.

आणि एक सांगते, हसू नकोस. आमचं घर मागं सगळं बदललं, दत्तानं स्लॅब टाकला. ओसरी मी उतरवू दिली नाही. ती माती अजून तशीच आहे वर. आत्याबाई गेल्यापासून मी तिथंच झोपते, जिथं तुझी आजी टेकली होती तिथं. दत्ता चिडतो, "आई, हे पडंल एक दिस." मी म्हणते, पडू दे. तुझ्या आईला हे कळलं तेव्हा ती काठी टेकत वर आली. अंथरूण बघितलं, छत बघितलं, मला बघितलं.

"वैनी, हे माळवद तुमच्या अंगावर पडून माझी भिंत वाळणार हाय का?"

"तसं न्हाई गं…"

"मग कसं? तुमी हितं मरताल आन् लोकं मला नावं ठिवतील. आत झोपा गप."

मी आत झोपले नाही. पण तेव्हापासून त्या झोपेतलं पुण्य गेलं, हे खरं. मी माझ्या जिवाला शिक्षा देत होते आणि त्यात मला थोडं बरं वाटत होतं; ते तिनं एका बोलण्यात काढून घेतलं. तिच्या उपयोगाचं त्यात काही नव्हतंच.

आता ती तालुक्याची पोरगी. शाळेतून आमच्या घरी आली, ओसरीत उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "आजी, बॅटरी-बिटरी नंतर. आधी हे उतरवा. ह्याच्याखाली कुणाला बसवू नका." ह्याच्याखाली कुणाला बसवू नका! मी म्हटलं, "बाई, तू यायला जरा उशीर केलास." तिला कळलं नाही. तिनं चहा घेतला, तोही मी तिला आत बसवून दिला.

दत्तानं दुसऱ्याच दिवशी जेसीबीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, तासाभराचं काम. मी विचारलं, "माती कुठं टाकशील?" त्यानं हात केला. मागं. तस्सा, माझ्यासारखा. "हितंच की आजी, ओघळीत. जवळ पडंल." आधीच तिथं लोकांनी स्लॅबच्या घरांचा राडारोडा टाकलाय, विटा, फुटके संडास, काय न् काय. मी आळीत दारोदार सांगून आले, काढा ते, परतीचा पाऊस यायचाय. "म्हातारीचं डोकं फिरलं," म्हणतात. दोघीतिघी तेवढ्या टोपली घेऊन आल्या, वरची एक, खालच्या दोघी. मी पण गेले. अर्धं घमेलं उचललं. कंबर धरली. पण उचललं.

तेव्हा जेसीबीवाल्याला मी परत पाठवलंय. ओसरी उतरवायची, हे मी आता ठरवलंय. खरंच उतरवायची. पण आधी तू ये, सुनंदा. तुला घमेलं उचलायला बोलवत नाही; ते करायला दत्ता आहे, त्याची पोरं आहेत, आणि माझी एक पाळी राहिलीच आहे. तू खुर्ची टाकून अंगणात बस. तुझ्या दाराला कुलूप आहे म्हणून कुठं उतरू म्हणू नकोस, माजघरात तुझं अंथरूण घालते. राग आणलास तर तोही घेऊन ये. नव्या ज्वारीच्या भाकरी करीन, न मोडणाऱ्या.

पहिलं घमेलं भरलं की मी तुला विचारणार आहे, ही माती कुठं टाकायची. तू हात करशील तिकडं टाकू, कितीही लांब असू दे. तू येईस्तोवर मी त्यातला एक खडा हालू देत नाही. आभाळ रोज भरून यायलंय गं. पावसाच्या आत ये.